एकोणीस शेवटची पानं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष आदरणीय नानासो, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या प्रमोदिनीताई, कार्यकारिणीची सर्व मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आपले ग्रंथपाल विष्णुपंतकाका, त्यांच्या शेजारी बसलेली, जिची रहस्यकादंबरी आज प्रकाशित झाली ती सहावीतली लेखिका सई, आणि समोर बसलेल्या माझ्या आष्टेकर बंधू-भगिनींनो,

मी शंभूराज. स्टँडसमोरच्या दुकानात डीटीपीचं काम करतो. सांगलीचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या वडिलांनी कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. या पुस्तकाची अक्षरजुळणी मी केली, म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. दोन शब्दांत व्हायचं नाही, त्याबद्दल नानासोंची आधीच माफी मागतो.

काकांच्या चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल प्रमोदिनीताई एवढं छान बोलल्या, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत काकांविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं होतं, आठवतंय ना? एकोणीस रहस्यकथांची शेवटची पानं फाडलेली सापडली होती. मी त्या खांबापाशी उभा राहून ओरडलो होतो, "आवं काका, लक्ष द्यायला जमत नसंल तर खुर्ची सोडा की." टाळ्याही पडल्या. काकांना लेखी समज देण्याचा ठराव झाला, आणि निवृत्तीनंतर मिळायची दोन वर्षांची मुदतवाढ राहूनच गेली. म्हणजे आजचा हा निरोप दोन वर्षं आधी आलाय. कुणामुळं?

ती पानं मी फाडली होती.

मागच्या ओळीत ऐकू गेलं नसेल तर परत सांगतो. मी.

एक मुलगी होती. तिचं नाव घेणार नाही. ती आता सासरी आहे, आणि बाहेर जाऊन कुणी अंदाज बांधत बसला तर गाठ माझ्याशी... बघा, परत तेच. हात जोडतो, बांधू नका. तिच्या मोबाइलवर घरच्यांचं लक्ष असायचं, पण वाचनालयात यायला बंदी नव्हती. रहस्यकथांच्या कपाटातली पुस्तकं ती ओळीनं न्यायची, आणि वाचायची शेवटच्या पानापासून. खुनी कोण ते आधी कळलं म्हणजे निवांत वाचता येतं, असं तिचं म्हणणं. ओळीत पुढचं पुस्तक कुठलं, ते मला कळायचं. ते मी आधी न्यायचो, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तिच्या नावानं चिठ्ठी लिहायचो, आणि परत ठेवायचो. दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर तिचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. एकोणीस पुस्तकांत तिनं एकदाच उत्तर दिलं. दोन शब्द होते. "आता पुरे."

त्याच आठवड्यात मी पानं फाडली. तिची अब्रू जपायला फाडली, असं मी स्वतःला वर्षभर सांगत आलो. खोटं आहे ते. मला राग आला होता.

त्यातलं एक पुस्तक सईच्या हाती पडलं. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, चोर कोण ते कुणीतरी फाडून नेलंय." काकांनी तिला शेवट तोंडी सांगितला. मग दुसऱ्याचा सांगितला. सोळा शेवट त्यांना पाठ होते. उरलेले तीन दोघांनी भांडून भांडून ठरवले, आणि त्यातल्या एकात तपास करणारा फौजदारच चोर निघालाय. सईनं आपल्या अक्षरात एकोणीसही पानं लिहून पुस्तकांना चिकटवली. साठीचे काका आणि अकरा वर्षांची पोरगी, यांची दोस्ती जुळली ती माझ्या या कर्मावर.

मला हे कसं कळलं? सईची वही टाइप करायला माझ्याकडंच आली. सातव्या प्रकरणात कादंबरीतली मुलगी पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिल आडवी धरून हलके घासते, आणि फाडलेल्या पानावरची अक्षरं तिथं दाबून उमटलेली दिसतात. म्हातारे ग्रंथपाल ते अक्षर ओळखतात. सगळ्या सभासदांच्या सह्या त्यांच्या रजिस्टरात असतात. पण तिथं एका मुलीचं नावही असतं. ते विचारतात, "खोडरबर आहे का तुझ्याकडं?" मुलगी म्हणते, "पण मग बोलणी तुम्हालाच बसतील." ते म्हणतात, "बसू देत. माझं लग्न व्हायचं राहिलेलं नाही."

माझी बोटं कीबोर्डवर तिथंच थांबली. म्हणजे सभेच्या आधीच काकांकडं पुरावा होता. तो खोडला नसता, तर त्या सभेत ते नुसते उठून मलपृष्ठ दाखवू शकले असते. मी खांबापाशी ओरडत होतो, आणि ते मान खाली घालून ऐकत होते.

प्रूफं घेऊन मी काकांच्या घरी गेलो. सई तिथंच होती. मी विचारलं, "काका, ह्ये खरं हाय का?"

"कादंबरी आहे," काका म्हणाले.

"नावं बदललीत फक्त," सई म्हणाली. काकांनी तिच्याकडं बघितलं, तशी ती प्रूफं चाळू लागली.

काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेवटच्या पानावर दोन चुका आहेत, शंभूराज. तेवढ्या दुरुस्त कर." खरंच दोनच होत्या, एक वेलांटी आणि एक अनुस्वार. मी दुकानात बसून कितीतरी वेळ तिसरी शोधत होतो. निघताना सई फाटकापर्यंत आली होती. म्हणाली, "दादा, आजोबा तुमच्यावर रागावलेले नाहीत. मी रागावलेय."

त्यालाही महिना झाला. महिनाभर रोज ठरवलं आणि रोज कच खाल्ली. सभेत तोंड सोडायला मला एक मिनिट लागलं नव्हतं.

नानासो, हा माझा कबुलीजबाब, सहीनिशी लिहून आणलाय. मुदतवाढ द्यायची की नाही, हा कार्यकारिणीचा अधिकार आहे. पण तो समजेचा ठराव माझ्या खोट्यावर उभा आहे, तो आज सगळ्यांसमोर रद्द करावा, एवढी विनंती. काका, मान हलवू नका. तुम्ही वर्षभर झाकलंत, आता मला बोलू द्या.

मला बोलायला उभं केलंत, शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. पानांची गोष्ट मात्र पोटात घालू नका. ती इतिवृत्ताच्या वहीत माझ्या नावानं लिहा. वही येईपर्यंत मी इथंच उभा आहे.