मोठ्या मापाची गाडी

—नाही नाही, लावा हात खुशाल, डोंगर आहे तो, काही होत नाही त्याला. कवळीच्या प्लास्टरचा आहे ना! म्हणजे असं, मी कवळ्या बनवायचो. दातांच्या हो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत जन्म गेला माझा— डॉक्टरांनी तोंडाचा साचा पाठवायचा, मी त्यावर दात बसवायचे. या गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, आणि उरलेले माझ्या नावाने दातओठ खातात— तेही माझ्याच दातांनी! हसा, हसा, मोकळेपणाने हसा. तर उरलंसुरलं प्लास्टर पिशवीतून घरी यायचं आणि इथे एकेक डोंगर उभा राहायचा. बोगद्याच्या तोंडाशी ते गुलाबी दिसतंय ना? हिरड्यांचं मेण. रंग उडालाय तिथला, तेवढा एक हात मारून घ्या. बाकी गाडीचं सगळं चालू आहे— रुळांचे सांधे बदलतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. असं नका बघू, वरून. वाका जरा. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवा— हां! आता बघा. वरून खेळणं दिसतं, इथून गाव दिसतं.

विकायला का काढतोय? आलात तेव्हापासून तोंडावर होता तुमच्या हा प्रश्न. डोळे हो, दुसरं काय! वय झालं. बोटाच्या पेराएवढा डबा रुळावर चढवायचा म्हणजे रोज सुईत दोरा ओवण्यातला प्रकार, आणि वर हाताला कंप. या नादातले सगळे शेवटी हेच करतात— नाद सुटत नाही, मग माप बदलायचं. मीही मोठ्या मापाची घेतली. डबा हा एवढा, चपलांच्या खोक्याएवढा, डोळे मिटून बसवला तरी बसतो रुळावर. म्हणून म्हटलं ही लहान गाडी कोणी जीव लावणारा भेटला तर द्यावी. खेळण्यांच्या दुकानवाल्याने तुमचं नाव सांगितलं, म्हणाला, माणूस स्वतःसाठी बघतोय, उगाच भिंतीला शोभा म्हणून नाही. बरं वाटलं. आता हे इंजिन बघा— हे जुन्या घडणीचं, असं मिळत नाही आता. पोटाखाली नंबर कोरलाय, आहे मुंगीच्या पायासारखा, पण आहे— चार, शून्य, सात, एक, आणि पुढे कारखान्याची खूण, चांदणी आहे बारीकशी—

काय?

हो. बिनचष्म्याने वाचला.

बारीक लक्ष आहे हो तुमचं. बसा, ते स्टूल ओढा. नाही, रागावलो नाही. डोळे चांगले आहेत माझे, हातही चांगले आहेत, काठोकाठ पेला द्या, थेंब सांडायचा नाही. पण डोळ्यांचं कारण सांगितलं ना, की लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि गप्प बसतात. पुढचं विचारत नाहीत. तुम्हीही विचारलं नसतंत, मीच गाढव, नंबर वाचत बसलो.

हळू बोलू आपण. पलीकडच्या खोलीत ही झोपलीय.

फलाटावरची ही माणसं हिची. गाडी माझी, माणसं हिची— पहिल्यापासून असाच वाटा होता आमचा. ही कपडे शिवायची, दिवसभर मशीन, आणि संध्याकाळी माझ्या शेजारी बसून ही तांदळाएवढी माणसं रंगवायची. जस्ताची आहेत सगळी. एका केसाचा ब्रश, श्वास रोखून. आणि नुसती रंगवायची नाही हो— प्रत्येकाची कुंडली मांडायची! ती छत्रीवाली बघा, तिला कोणाला तरी तोंड दाखवायचं नाहीये. तो कोपऱ्यातला जावई, सासऱ्याशी भांडून निघालाय, पण मागे वळून बघतोय, कोणी परत बोलवायला येतंय का म्हणून. जेवताना ही मला विचारायची, ‘आलं का हो जावयाला कोणी बोलवायला?’ मी म्हणायचो, नाही अजून. म्हणायची, ‘येतील. तेही मानी आहेत.’ आणि तो एक धावणारा होता, हातात पेटी, गळपट्टा उडालेला, गाडी सुटतेय आणि हा फलाटाच्या टोकाला. म्हणायची, हे तुम्ही. कारण मी कुठेच वेळेवर पोचलो नाही कधी, स्वतःच्या लग्नालासुद्धा नाही.

मग ही माणसं हलायला लागली. म्हणजे ही हलवायला लागली. जावई एके दिवशी स्टेशनच्या छपरावर. मी म्हटलं, अगं, हा इथे काय करतोय? तर म्हणाली, ‘कोण?’ मला वाटलं चेष्टा करतेय, हिचा स्वभावच चेष्टेचा. मग तीच गंमत मशीनवर— बाही गळ्याला जोडली. मग दुधाचं भांडं कपाटात, साड्यांच्या घडीत. लेकीला फोनवर विचारलं, ‘आपण कोण बोलताय?’ लेक रडली फोनवर. मी म्हटलं, अगं, आवाज नीट येत नसेल. मलाच पटवत होतो मी, दुसरं काय.

आणि एका दुपारी मी हिच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या आणि पाणी आणायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर गोळ्या वाटीत तशाच, आणि ही इथे, टेबलापाशी उभी, काहीतरी गिळत होती, मान मागे टाकून, शहाण्या पोरीसारखी. मला म्हणाली, ‘घेतल्या हं मी. कडू नव्हत्या आज.’

फलाटाचं टोक रिकामं होतं.

डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला. तुम्ही म्हणाल, काय सांगतोय हा म्हातारा— पण डोळ्यांनी बघितलंय मी. काळ्या काचेवर हिच्या बरगड्या, आणि खाली पोटात, पांढरा स्वच्छ, हातात पेटी घेऊन धावणारा माणूस. डॉक्टर तरुण होता, त्याला आधी हसूच आलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डॉक्टर, तो मी आहे. त्याला काय कळणार? म्हणाला, आजोबा, निघून जाईल हा आपोआप, नशीब समजा घशात अडकला नाही, पण घरात एवढंसं काहीही दिसता कामा नये यापुढे. बटण नको, मणी नको. लेक दुसऱ्या दिवशी गाडी पकडून आली. आल्या आल्या या टेबलासमोर उभी राहिली— याच टेबलाखाली लपून मोठी झालीय ती— आणि म्हणाली, ‘बाबा, एक तर हे जाईल, नाहीतर आई तिथे जाईल जिथे तिच्याकडे बघायला माणसं असतील. तुमच्याने होणार नाही.’ चुकीचं बोलली का? नाही. पण मला लागलं. मी म्हटलं, मी माप बदलतो. ती म्हणाली, ‘कसलं माप, बाबा?’ म्हटलं, बघशील तू.

तर ही मोठी गाडी तशी आली. गावबीव नाही हो त्या गाडीत, या मापात गाव मावत नाही घरात. आधी जमिनीवर मांडली, तर हिचा पाय अडखळायला लागला. मग फळ्या ठोकल्या भिंतीला, पलंगाच्या उंचीवर, हिच्या खोलीभर. एक इंजिन, दोन उघडे डबे, एक मोठं बटण— हिच्या हातालाही फिरेल असं. माणसं नाहीत. माणसं मी आणलीच नाहीत. पहिले कित्येक दिवस हिने ढुंकून बघितलं नाही. मी आपला फिरवतोय, फिरवतोय, एकटाच येड्यासारखा. मग एकदा डब्यात एक बिस्कीट ठेवलं आणि सोडली. गाडी हिच्यासमोर थांबवली. हिने बघितलं, उचललं, खाल्लं— आणि रिकाम्या डब्यात स्वतःचा कंगवा ठेवला, परत पाठवायला! काय सांगू तुम्हाला. मी तो कंगवा हातात घेऊन किती वेळ बसलो होतो. तेव्हापासून चालतं आमचं. मी सफरचंदाची फोड पाठवतो, ही मोजा पाठवते. मी गोळ्या पाठवतो आणि ही घेते, माझ्या हातून घेत नाही पण गाडीतून आल्या की घेते. लेकीला दाखवलं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं तिने. तिथे न्यायची गोष्ट परत काढली नाही तिने.

जमलं म्हणायचं, नाही का? जमलंच.

परवा— हे कोणाला बोललो नाही मी, लेकीलाही नाही— परवा गाडी हिच्यासमोर थांबली आणि हिने डब्यात काही ठेवलं नाही. मला हाक मारली, ‘मास्तर.’ मी इकडेतिकडे बघितलं. ‘मास्तर, तुम्हालाच. ही गाडी जाते कुठे?’ मी म्हटलं, तुम्हाला कुठे जायचंय बाई? म्हणाली, ‘घरी. फार उशीर झालाय. आमचे हे वाट बघत असतील, त्यांना वाढायचंय अजून.’ मी म्हटलं, बसा, सोडतो. आणि बटण फिरवलं. काय करणार? ही पलंगाच्या कडेला नीट सावरून बसली, पदर घेतला, पिशवी मांडीवर धरल्यासारखे हात— आणि खिडकीबाहेर बघत बसली. एक फेरा झाला, दुसरा झाला. मग मला म्हणाली, ‘चांगले आहेत हो ते. तुम्ही ओळखत असाल कदाचित.’

म्हटलं, नाही. नाही ओळखत.

असं उठू नका लगेच, पाणी घ्या. नाही, किमतीचं दुकानवाल्याशी बोला, मला नका सांगू. फक्त सगळं एकत्र न्या, माणसांसकट, तोडून वाटू नका कोणाला. छत्रीवाली आणि तो—

ऐकलंत? उठलीय ती. आलो हं! आलो, बाई, निघतेच आहे गाडी!— तुम्ही असं करा, हा डोंगराचा तुकडा त्या बाजूने धरा, मागच्या दाराने काढू. पुढच्या, तिच्या खोलीतून नको. तिला हे दिसलं आणि ओळखलं नाही, तर— नको, तेवढं नको मला. उचला. जपून, चौकट आहे. उरलेलं उद्या न्या, नाहीतर परवा या. जा आता. दार ओढून घ्या जाताना.