कोटीत एक

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी काष्टीच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत होतो. मागे दानीएल मास्तर आणि त्यांच्या वस्तीवरच्या मुक्ताबाई बोलत होते.

“मास्तर, एका बाईच्या विहिरीत फवारनीच्या औषधाची बाटली पडून फुटली, तर काय व्हईल?”

“औषध किती होतं?”

“तळाला दोन चमचं.”

“म्हणजे दहा मिली. विहिरीत लाखभर लिटर पाणी धरा, त्याचे झाले दहा कोटी मिली. कोटीत एक, मुक्ताबाई. घाबरायचं कशाला? पण बाटली विहिरीत गेली कशी?”

“पोरांच्या हाताला लागू नये म्हनून विहिरीतल्या देवळीत ठिवली हुती मी. आज पहाटं पान्यात काचा दिसल्या.”

“तुमची विहीर? अहो, तिला पाणी आहे कुठं?”

“तळाच्या खड्ड्यात झिरपतंय की. वाटीनं भरलं तर दोन घागरी व्हत्यात.”

“दोनच घागरी?”

“व्हय. पर मास्तर, कोटीत एकच ना?”

“घरी सांगितलंत?”

“न्हाई. सासूबाई रागं भरत्याल.”

“आज पाणी कोण भरणार?”

“त्याच. ऊन चढायच्या आत उतरत्यात त्या. मास्तर, एसटी आली.”

“जाऊ द्या एसटी. अहो, ही सायकल कुणाची आहे?”