न बसलेले दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरच्या विभागप्रमुख मॅडम, पाहुणे म्हणून आलेले संपादक महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती, सर्व गुरुजन, आणि मागे दाराशी उभं राहून चहाची वाट बघणारे माझे वर्गमित्र, सर्वांना माझा नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या वतीने मला उभं केलंय ते हुशारीमुळे नव्हे. पदव्युत्तर पत्रकारितेच्या या वर्गात बाकी सगळे बावीस-तेवीसचे आणि मी तेहतीसची. दहा वर्षं दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत बसले आणि मग शिकायला आले. पोरं मला 'मावशी' म्हणतात. मावशी प्रसंग नीट सांभाळून नेईल, असा त्यांचा भाबडा समज आहे. पण सरांनीच मला बजावलं, कौतुक करायला पुष्कळ जण आहेत, तू त्रेचाळीस नंबरचं सांग. आता सरांचं ऐकायचं नाही तर कोणाचं?

सरांना आम्ही पाठीमागे 'कात्री' म्हणतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझी पहिली आठशे शब्दांची बातमी त्यांनी दोनशे दहा शब्दांची करून परत दिली. पंचाईत अशी, की ती माझ्यापेक्षा चांगली झाली होती. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांचा तास मी एकदाही चुकवला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी विषय घेतला, अपघाताच्या बातमीचं पुढे काय होतं? ग्रंथालयाच्या तळघरात दोन महिने जुन्या फायली उलटल्या, शिंका देऊन देऊन नाक लाल झालं. एकशे बारा बातम्या निघाल्या. चौकशीचा निकाल नंतर छापून आला तो फक्त नऊंचा. सगळ्यांचा तक्ता करून मी सरांकडे दिला.

खरं सांगू का? मी तो विषय त्रेचाळीस नंबरच्या बातमीसाठीच घेतला होता. बाकीच्या एकशे अकरा तिला सोबत म्हणून. एकोणीस वर्षांपूर्वी तयार कपड्यांच्या एका दुकानाला आग लागली. मथळा होता, 'वायरमनच्या चुकीने आग'. खाली वायरमनचं पूर्ण नाव. ते माझे बाबा. सात महिन्यांनी चौकशीत निघालं, की वायरिंग ठीक होतं, मागच्या खोलीत इस्त्री चालू राहिली होती. ते कुठेच छापलं गेलं नाही. बाबांना त्यानंतर कोणी कामाला बोलावलं नाही. ते खोक्यांच्या कारखान्यात लागले. घरातला बल्ब गेला तर आई स्टुलावर चढायची आणि बाबा खाली स्टूल धरून उभे राहायचे.

हे मी विभागात कोणालाही सांगितलं नव्हतं. तक्ता दिल्यावर चौथ्या दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. बस म्हणाले, पण स्वतः उभेच होते.

"त्रेचाळीस नंबरचा मथळा माझा आहे. मी तेव्हा तिथे उपसंपादक होतो."

मी म्हणाले, "आणि तो वायरमन माझे वडील आहेत, सर."

सर खुर्चीत बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मुळात मथळा होता, 'वायरमनच्या चुकीने आग लागल्याचा अंदाज'. दोन कॉलमात शेवटचे दोन शब्द बसेनात. पान छपाईला सोडायची घाई होती, म्हणून उडवले. चौकशीचा अहवालही त्यांच्याच टेबलावर आला होता. त्या दिवशी निवडणुकीचे निकाल होते, जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बातमी शिळी झाली.

मी काय केलं असेल? भांडले. दहा वर्षं खिडकीत बसल्यावर भांडायचा सराव दांडगा असतो. सरांनी एकही शब्द कापला नाही, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, घरी येऊन बाबांची माफी मागू का?

"घरी येऊ नका," मी म्हणाले. "आधी छापा. जिथे छापलं होतं तिथेच."

सरांनी माझा प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकांकडे सोपवला आणि त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादक महोदय इथेच बसलेत, म्हणून मी बेताने बोलते. इतक्या वर्षांनी हे कोण वाचणार, असं ते म्हणाले. सर तीनदा गेले. मागच्या महिन्यात पहिल्या पानावर, दोन कॉलमात, ते छापून आलं. कोणते शब्द काढले, कोणी काढले, अहवालात काय होतं, आणि खाली सरांचं नाव. संपादक महोदय, तुमचेही आभार. तिसऱ्यांदा का होईना, तुम्ही हो म्हणालात.

बाबांनी ते आधी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. आई रडली. बाबांनी मला एवढंच विचारलं, की शब्द बसत नव्हते म्हणजे काय? मी जुन्या पानाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि कॉलम म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी आपली मोजपट्टी आणली. मथळा मोजला, कॉलम मोजला, परत एकदा मोजलं. मग म्हणाले, "अक्षर जरा बारीक केलं असतं, तर बसले असते की."

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "हो. बसले असते."

आजचं निमंत्रण बाबांना होतं. ते आलेले नाहीत. त्यांनी माफ केलंय का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. ते आता चौसष्ट वर्षांचे आहेत, गेलेली कामं काही परत येणार नाहीत. पण सर, स्वतःची चूक भर सभेत विद्यार्थिनीला सांगायला लावणारा दुसरा शिक्षक मला भेटलेला नाही, आणि तुम्ही जाताय याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. मानपानात काही राहून गेलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि माझ्याकडून कोणाबद्दल काही चुकीचं बोललं गेलं असेल, तर चहाच्या आधीच मला गाठून सांगा, मी इथेच, याच माईकवर दुरुस्त करीन. एकोणीस वर्षं फार होतात.