एक हजार सहा गाड्या

...आणि वर मलाच विचारतात, तू मोजायला बसलासच कशाला! आता मोजणीदार मोजायला नाही बसणार तर काय गाणं म्हणायला बसणार, तुम्हीच सांगा. अकरा वर्षं झाली मला नगररचनेच्या ऑफिसात. मोजणीदार म्हटलं की लोकांना वाटतं जमीन मोजतो, नाही हो, मी गाड्या मोजतो. म्हणजे कसं, शहर फुगायला लागलं, की कडेच्या वस्तीतून रस्ता काढायचा का, काढायचा तर केवढा, हे ठरवायच्या आधी एक माणूस टेबल-खुर्ची घेऊन सकाळी सहा ते संध्याकाळी सहा रस्त्याच्या कडेला बसवतात, आणि जाईल-येईल त्या गाडीची एक रेघ. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी. तो माणूस मी. रस्ता बरा का वाईट, झाडं जाणार का घरं जाणार, ते वरचे बघून घेतील, आपलं काम रेघ मारायचं.

आता रेघ म्हणजे सरसकट रेघ नव्हे बरं का. मोटार म्हणजे एक. स्कूटर अर्धी. ट्रक तीन. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर चार, कारण तो वाट अडवतो. आणि पायी माणूस? शून्य. डोक्यावर कपाट घेऊन जाईना का, शून्य! हे सगळं कोष्टकात दिलेलं असतं, माझ्या मनचं काही नाही. तर अशी बेरीज दिवसाला हजाराच्या वर गेली की ऐंशी फुटी रस्ता, हजाराच्या आत राहिली की आहे तो रस्ता आहे तसा. एवढं सोपं गणित. आणि तुम्हाला सांगतो, एवढ्या सोप्या गणितात माझी अख्खी वस्ती नापास झाली.

माझी म्हणजे आत्याची. आई गेल्यावर आत्यानंच वाढवलं मला. तिचं शिवणकाम, घरापुढच्या व्हरांड्यात मशीन, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे तळं. मी अभ्यास केला तो त्या मशीनच्या खडखडाटात, अजून मला शांततेत वाचलेलं काही लक्षात राहत नाही. आणि साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, तर ऐंशी फुटांची लाल रेघ बरोबर तळ्याचा एक काठ खाऊन, दोन्ही बाजूंची झाडं घेऊन, आत्याच्या व्हरांड्यातून मशीनसकट आरपार! मी म्हटलं, साहेब, तळं आहे तिथं, पाखरं येतात. तर साहेब चष्मा पुसत म्हणाले की तळं वर्षातले पाच महिने असतं, उरलेले सात महिने ते मैदानच असतं, आणि पर्यावरणाचा रकाना वेगळा आहे, तो भरणारा माणूस वेगळा आहे, तुम्ही आपली मोजणी करा. बरोबरच आहे. आपलं काम रेघ मारायचं.

चूक माझी झाली ती एकच. जेवता जेवता मी आत्याला बोललो, की बुधवारी तुमच्या रस्त्याची मोजणी आहे, हजाराच्या आत राहिली तर तुझा व्हरांडा वाचेल. सांगायला नको होतं! आत्यानं शेजारच्या मास्तरांना मोजणीचं तेवढं सांगितलं, हजाराचं सांगायचं राहिलंच. हे मास्तर निवृत्त. शाळा सुटली पण शिकवणं सुटलं नाही, दोन माणसं दिसली की सभा घेतात आणि तीन दिसली की ठराव करतात. त्यांनी ठराव केला, की बुधवारी सरकारचा माणूस आला की त्याला वस्तीची ताकद दाखवायची.

बुधवार उजाडला. माणसाला कंटाळा यावा इतका छान चाललेला दिवस हो! दूधवाला, शाळेची बस, शहराची बस, नेहमीच्या मोटारी-स्कूटरी, चार वाजेपर्यंत माझी बेरीज जेमतेम सातशे. मी मनात म्हटलं, वाचला व्हरांडा. आणि तेवढ्यात वळणावरून हॉर्नचा गलका... बघतो तर काय, सगळ्यात पुढे ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीत उभे मास्तर, मास्तरांच्या शेजारी आत्या, तिच्या हातात पाटी, ‘मोठा रस्ता नको’, आणि मागे वस्तीतल्या झाडून सगळ्या मोटारी, सगळ्या स्कूटरी, आणि पाहुण्यांकडून मागून आणलेले दोन ट्रक!

आता काय करणार? ट्रॅक्टर, चार. ट्रक, तीन. दुसरा ट्रक, तीन. अर्धा, अर्धा, एक, अर्धा... हात दुखायला लागला. मी उठून ओरडलो, मास्तर, गाड्या घरी न्या, हे सगळं मोजलं जातंय! मास्तरांनी ट्रॉलीतूनच हात वर केला आणि लोकांना म्हणाले, “बघा, घाबरला! अजून एक फेरी मारू या.” आणि आत्या माझ्याकडे बघून पाटी हलवतेय, इतक्या कौतुकानं, की भाचा आपला बसलाय तिथं, लिहून घेतोय आपलं म्हणणं. जाताना मोजा, येताना मोजा, पुन्हा जाताना मोजा. संध्याकाळी सहाला बेरीज केली. एक हजार सहा.

तीनदा केली बेरीज. एक हजार सहाच. वाटलं, एक पान फाडून टाकावं. पण अकरा वर्षांत कधी खोटी रेघ मारली नाही आणि खरी पुसली नाही, सवयच नाही हो हाताला. कागद दिला साहेबांकडे. त्या रात्री आत्याकडे जेवायला गेलो नाही, तोंडच नव्हतं मला.

मग सुनावणी. मोठा हॉल, भिंतीवर नकाशा. साहेबांनी वाचून दाखवलं, एक हजार सहा, सबब ऐंशी फूट. आत्या पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी, नकाशातल्या आपल्या घरावरच्या लाल रेघेकडे नुसती बघत बसलेली. रडली असती तर परवडलं असतं. मला बघवेना. आणि मी, जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस, उठलो आणि म्हणालो, “साहेब, यातल्या दोनशेच्या वर गाड्या रस्ता नको म्हणून आल्या होत्या.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले की गाडी का आली हे विचारायचा रकाना कोष्टकात नाही, पण मोजणीदारालाच शंका असेल तर फेरमोजणी घेता येईल. पुढचा बुधवार.

मास्तरांनी लगेच ठराव केला. या वेळी चाकाला हात लावायचा नाही, सगळे पायी! आणि काय सांगू तुम्हाला, वस्ती अशी चालली, अशी चालली... पोरं शाळेला पायी, पोती डोक्यावर, आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं. एकजण बंद स्कूटर ढकलत आला आणि मला विचारतो, ही धरणार का? मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, इंजिन बंद असेल तर पायी धरा. शाळेची बस रिकामी आली, रिकामी गेली, शहराची बसही तशीच. दिवसाची बेरीज, एकेचाळीस. मी म्हटलं, मला काय, आपलं काम रेघ मारायचं.

रस्ता रद्द. तळं राहिलं, झाडं राहिली, व्हरांडा राहिला. आत्यानं मला नवा सदरा शिवला, मास्तरांनी माझ्या अभिनंदनाचा ठराव केला, मी दोन आठवडे वस्तीचा लाडका जावई असल्यासारखा फिरलो. आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्याच ऑफिसातून, पण पलीकडच्या टेबलावरून पत्र निघालं. ज्या रस्त्यावर दिवसाला अवघी एकेचाळीस वाहतूक आहे, तिथे शहराची बस चालवण्याचं काही कारण दिसत नाही. झाली की बस बंद! म्हणजे तळं आहे, पाखरं आहेत, व्हरांडा आहे, आणि तिथून कुठं जायचं तर तीन मैल तंगडतोड.

परवा आत्याकडे निघालो तर वाटेत समोरून तीच, दोन्ही हातांत शिवलेल्या कपड्यांच्या पिशव्या, गिऱ्हाइकांना द्यायला चार ठिकाणी टेकत टेकत चाललेली. मला बघितलं आणि पिशव्या खाली ठेवल्या. म्हणाली, “हजाराच्या आतच राहायचं होतं ना रे? मग नऊशेवर थांबायला काय झालं होतं?”

मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि तिच्याबरोबर चालायला लागलो. पुढची सगळी वाट ती बोलत होती.