दार काढलेली खोली

सासरे : नट होता? म्हणजे ते रडणं सगळं खोटं?

सून : परीक्षेसाठी नेमलेला माणूस होता, बाबा. सकाळी सांगितलं होतं ना, आज परवान्याची परीक्षा आहे म्हणून?

सासरे : परीक्षा म्हणालीस. परीक्षेत माणसं रडतात हे कुठे म्हणालीस? मला वाटलं, पेपर लिहीत बसली असशील.

सून : समुपदेशनाचा काय पेपर लिहिणार?

सासरे : मी आपला बाहेर रंधा मारत होतो. आतून आवाज आला, "बायको गेली, घर खायला उठतं." आणि तू हूं नाही की चूं नाही. म्हटलं, आता बोलेल, मग बोलेल. तो बिचारा स्क्रीनवर हुंदके देतोय आणि आमच्या सूनबाई नुसत्या बघतायत!

सून : गप्प बसणं हेच काम होतं तेव्हा. त्याला रडू द्यायचं होतं.

सासरे : मला मेल्याला काय ठाऊक?

सून : म्हणून आत येऊन "दगड आहेस का गं?" म्हणालात. दुभाष्यानं परीक्षकांना ते जसंच्या तसं सांगितलं.

सासरे : अरे देवा. दगडसुद्धा?

सून : दगडसुद्धा.

सासरे : दार असतं तर मी आलोच नसतो.

सून : दार तुम्हीच काढलंत!

सासरे : करकरत होतं म्हणून काढलं. तुझ्या परीक्षेत आवाज नको. तासाभरात घासून बसवू म्हटलं, तर लाकूड हे एवढं फुगलेलं. जन्मभर लोकांची दारं बसवली आणि आज घरचंच नडलं. आता काय करतायत ती माणसं?

सून : तिघं तीन देशांतले. बोलतायत आपसात. ठरलं की बोलावतील.

सासरे : आणि नापास केलं तर?

सून : तर इथल्यापुरतं काम करत राहीन. पण आपली माणसं जगभर पांगलीत, बाबा. कुठल्या कुठे कुणाची झोप उडालेली असते, कुणाचा संसार मोडत असतो, आणि मनातलं सांगायला आपल्या भाषेतलं कुणी नाही. मला फोन करतात. मी नाही म्हणते. तिथला परवाना नाही ना माझ्याकडे. हा परवाना पुष्कळ देशांत चालणार आहे. पुढे हे काम असंच होणार.

सासरे : आणि मी त्यावर पाणी ओतलं. सांग त्यांना, म्हातारा अडाणी आहे.

सून : तसलं काही मी सांगणार नाही. पण बाबा, त्याला तुम्ही रेडिओचं म्हणालात...

सासरे : काय म्हणालो?

सून : "आमची लवकर झोपायची. वर्ष होत आलं, मी अजून रेडिओ हळूच लावतो. रडा हो तुम्ही, काही होत नाही." आमच्यापाशी कधी बोलला नाहीत.

सासरे : तुम्हाला काय सांगायचं? पोराची आई गेली, तुझी सासू गेली. तुम्ही आपापलं सावरताय. तो परका होता, निघालं तोंडातून.

सून : परक्यापाशी निघतं. त्यावरच तर आमचा व्यवसाय उभा आहे.

सासरे : बोलावतायत बघ. जा. मी लांब जाऊन उभा राहतो.

(ती आत जाते. बाहेर रंध्याचा आवाज सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. ती बाहेर येते.)

सासरे : बोल लवकर. जीव टांगणीला लागलाय.

सून : पास.

सासरे : थट्टा नको.

सून : पास, बाबा! जुंपली होती म्हणे त्यांच्यात. एक म्हणाले, तिऱ्हाइतानं कुणाचं दुःख ऐकलं, विषय संपला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे माणूस एकटा येतच नाही, अख्खं घर घेऊन येतो, तुमचा नियम आम्हाला का? तिसऱ्या म्हणाल्या, नियम अजून आपणच लिहितोय. उद्या निम्मं काम असं घरातून होणार. कुणीतरी आत येणारच. आल्यावर हिनं काय केलं ते बघा.

सासरे : काय केलंस? मला तर काही आठवत नाही.

सून : तुम्हाला हाताला धरून बाहेर आणलं. परत जाऊन त्याला म्हटलं, "तुमचं बोलणं दुसऱ्यानं ऐकलं. चूक माझी, दार नसताना मी बसायला नको होतं. थांबायचं की पुढे बोलायचं, तुम्ही सांगा."

सासरे : मग?

सून : म्हणाला, बोलू.

सासरे : हुश्श. बसू दे गं मला.

सून : एक अट आहे. दार बसवल्याचा फोटो पाठवायचा.

सासरे : दोन पाठव. एक उघडं, एक बंद.

सून : आणि माझीही एक. तुम्ही कुणाशी तरी बोला. माझ्याशी नाही, घरच्यांचं आम्ही करत नाही. माझी एक मैत्रीण आहे, परदेशात असते, हेच काम करते, तिला हा परवाना मिळालाय. तिच्याशी.

सासरे : बघू.

सून : तुमचं "बघू" म्हणजे नाही.

सासरे : "बघू" म्हणजे बघू. दार होऊ दे आधी. पण मघापासून एक मनात अडकलंय. त्या नटाची खरी बायको...?

सून : आहे की! शेवटी हसत सांगत होता, ती चिडलीय त्याच्यावर. म्हणते, एवढं रडायला मी काय मेलेय का?

सासरे : बरं झालं. फार बरं झालं. त्याला निरोप देता येत असेल तर दे. म्हणावं, काम संपलं असेल तर बस जरा तिच्यापाशी.