चार हात मारले की भिंत

...आणि वर मलाच विचारतात, "अहो वैजनाथराव, पाणी हिरवं कसं हो?" हिरवं कसं म्हणजे? मी काय रंग कालवून टाकलाय का त्यात? तुम्हाला सांगतो, घरामागे पोहायचा तलाव असला ना, की दोनच प्रकारचे पाहुणे येतात. एक ते, जे टॉवेल घेऊन येतात, आणि दुसरे ते, जे टॉवेलसुद्धा आपलाच मागतात! पाणी निळं असेपर्यंत अख्खी वाघोली आपली मावसभावंडं. हिरवं झालं की कुणी फिरकत नाही... बेडूक तेवढे येतात. ते बिचारे टॉवेल मागत नाहीत.

बांधू नका हो. कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. आता मला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं! आमचे शेजारी बापूराव, मूळचे वाघोलीचेच, ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "शेठ, हीर खांदताय व्हय? मंग येवढी उथळ का?" म्हटलं, "विहीर नाही बापूराव, स्विमिंग पूल." "आन् पाणी कुठलं?" म्हटलं, "बोअरचं." त्यांनी बोअरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "हाय का त्याला पाणी? मार्चमधी बघा," म्हणाले आणि गेले निघून. मार्चमध्ये बघितलं. अख्ख्या वस्तीला टँकर यायचा प्यायच्या पाण्याचा, आणि मला पोहायच्या पाण्याचा! हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका नुसत्या बघत होत्या हो. मी घरात जाऊन पडदे ओढून घेतले. पण हौस!

तर मी मूळचा शहरातला, कसब्यातला फर्निचरवाला. वर दोन खोल्या, खाली दुकान, शाळेची बाकं आणि लग्नाची कपाटं, एवढाच पसारा. मग कम्प्युटरवाले आले. आता कम्प्युटर कितीही हुशार असला तरी त्याला ठेवायला टेबल लागतंच की! खराडीत एकेका मजल्यावर चारचारशे टेबलं, मध्ये पार्टिशनं, खाली ड्रॉवर... पाच वर्षं मी मान वर केली नाही. केली तेव्हा शहराबाहेर वाघोलीत बंगला उभा राहत होता आणि समोर अभिनव नावाचा आर्किटेक्ट बसला होता, वय वर्षं सव्वीस. "काका, बॅकयार्डमध्ये पूल टाकू या. एकदम रिसॉर्ट फील!" मला रिसॉर्टशी काय देणंघेणं? पण पूल म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर उत्कर्षा आली. माझी मुलगी.

उत्कर्षा पोहायची. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं डुंबतात तसं नव्हे. सातव्या वर्षी महापालिकेच्या टँकवर घातली, बाराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली. पाण्यात शिरली की आवाजच नाही! आणि मी? मला पोहता येत नाही. आजही येत नाही. मी आपला पायऱ्यांवर टॉवेल धरून बसायचो. लोक मुलीकडे बघायचे, मी घड्याळाकडे, कारण तिला शिकवणाऱ्या सरांनी मला तिची वेळ लिहून ठेवायला सांगितलं होतं. मोठी जबाबदारी वाटायची हो!

पण खरी मजा टँकवर नव्हती. ती स्कूटरवर होती. पहाटे साडेपाचला निघायचं, डिसेंबरात दातांवर दात. ही मागे बसायची, माझ्या स्वेटरच्या दोन्ही खिशांत हात घालायची आणि बोलायला सुरुवात! माझ्या पाठीशी बोलायची. तोंडासमोर मुली बापाशी काय बोलतात? "डबा दिलाय का?" एवढंच. पण पाठीला सगळं कळायचं. कोणत्या बाईंनी कुणाला उभं केलं, कोणत्या मैत्रिणीशी अबोला, शर्यतीआधी कसली धास्ती वाटते... नववीत एका मुलाने चिठ्ठी दिली, तेसुद्धा या पाठीला कळलं! हेमाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, दोन महिन्यांनी कळलं. मी काय करायचो? गिअर बदलायचा आणि "हं" म्हणायचं. टँक कसब्यातल्या घरापासून दहा मिनिटांवर, मी नदीकडून वळसा घालून वीस मिनिटं करायचो. येताना गाडीवरचे पोहे, दोघांत एक चहा. बस.

आणि एवढं सगळं हातात असताना या शहाण्याला काय वाटलं? की पोरगी थंडीत कुडकुडते! बिचारीची दगदग होते! घरातच तलाव असला तर उठली की उडी! तिला पत्ता लागू दिला नाही. खड्डा कशाचा विचारलं की सांगायचो, "पाण्याची टाकी." सरप्राइज हो! पण हौस ना... हौस!

वास्तुशांतीच्या दिवशी डोळे झाकून नेली मागे. हेमाने नारळ वाढवला. उत्कर्षाने डोळे उघडले, बघितलं, मला घट्ट मिठी मारली, आणि मारली उडी. एक हात, दोन हात, तीन, चार... भिंत. वळली. एक, दोन, तीन, चार... भिंत. परत वळली. मग पाण्याबाहेर डोकं काढून म्हणाली, "मस्त आहे बाबा."

हेमा माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, छोटा वाटतो का हो?"

तुम्हाला सांगतो, मी मापं घेण्यात जन्म घालवलेला माणूस! दार एक सूत कमी भरलं तर कारागिराला फैलावर घेणारा! टँक पन्नास मीटरचा आणि आमचा तलाव तीस फुटांचा. अभिनवने नकाशावर दाखवला तेव्हा केवढा वाटला होता... कारण मी दिवाणखान्याच्या मापाने बघत होतो. पोरीच्या हाताचं माप घेतलंच नाही.

तरी ती पोहत राहिली. माझ्यासाठी पोहत होती, हे आता कळतं. तेव्हा काय कळायचं? तेव्हा मी खिडकीतून बघत चहा प्यायचो, रुबाबात! शहरातल्या टँकवर जायचं म्हणजे नगर रोडने दीड तास. एकदा तिने विचारलं, "बाबा, निदान शनिवारी-रविवारी जाऊ या?" आणि मी... मी, या तोंडाने म्हणालो, "घरी तलाव असताना कशाला?" मग सरांचा फोन. "उत्कर्षा दिसत नाही हल्ली. राज्य स्पर्धेची निवड आहे." म्हटलं, "सर, घरी सराव चालू आहे ना!" सरांचा एकच शब्द, "घरी?"

निवड चाचणीला मी नवीन गाडी काढली. पायऱ्यांवर बसलो. आणि काय सांगू, तिच्या वळण्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या! भिंतीपाशी अशी काही वळली, की सगळ्या मुलींत देखणी. का नाही वळणार? वर्षभर दुसरं केलं काय होतं तिने? पण मधलं सगळं पाणी राहिलं होतं ना... ते संपेना. दम तुटला. शेवटून दुसरी आली. टॉवेल घेऊन मी पुढे झालो तर म्हणाली, "मी पुसते."

गाडीत काचा बंद, एसी चालू, ती शेजारी, आणि एक शब्द नाही. बंगल्याच्या फाटकाशी गाडी थांबवली तेव्हा समोर बघत म्हणाली, "बाबा, मी कधी मागितला होता का तलाव?"

म्हटलं, "नाही गं. तुझी दगदग वाचावी म्हणून..."

"मला दगदग आवडायची."

एवढंच. आणि गेली आत. आदळआपट केली असती, चार दिवस जेवली नसती, तर मी समजूत तरी काढली असती. पण दुसऱ्या दिवशी उठली, कपाटातून गणिताची पुस्तकं काढली आणि अभ्यासाला लागली. पोहण्याचे कपडे हेमाने धुऊन ठेवले, ते तसेच राहिले. त्या पाण्यात ती पुन्हा उतरली नाही. कुठल्याच पाण्यात उतरली नाही.

मग इंजिनिअरिंग झालं, खराडीत नोकरी लागली. अहो, कदाचित माझ्याच टेबलावर बसत असेल! दोन मैत्रिणींबरोबर तिथेच फ्लॅट घेऊन राहते. इथून आठ किलोमीटर. महिन्यातून एक रविवार येते, आईने केलेलं जेवते, संध्याकाळी जाते. मी विचारतो, "काम कसं चाललंय?" ती म्हणते, "छान." ती विचारते, "तब्येत?" मी म्हणतो, "छान." सगळं छान चाललंय!

हेमा म्हणते, "एकदा बोला हो तिच्याशी." आता काय बोलू? तलाव बांधला म्हणून माफ कर म्हणू? जगात कुठल्या बापाने असली माफी मागितली असेल? पण गेल्या रविवारी मागितली. जेवण झाल्यावर ती मागे उभी होती त्या हिरव्या पाण्याकडे बघत. म्हटलं, "उत्कर्षा, हा बुजवून टाकतो. चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "जाऊ दे बाबा. तुम्ही किती खूश होतात त्या दिवशी. मग माझ्याने सांगवलंच नाही." म्हणजे बघा! पंधरा वर्षांची पोर मला जपत होती, आणि मी खिडकीत चहा पीत होतो.

निघताना म्हटलं, "मी सोडतो ना खराडीपर्यंत." म्हणाली, "कशाला बाबा, उगाच तुम्हाला दगदग. कॅब बोलावलीये." फोनवर दाखवत होतं, सात मिनिटं. फाटकाशी दोघं उभे राहिलो, रस्त्याकडे तोंड करून. सातची बारा मिनिटं झाली. नगर रोडवर कुठेतरी ट्रक बंद पडला होता. आणि ही बोलायला लागली! ऑफिसात कुणीतरी आहे म्हणे, अनिरुद्ध नावाचा... आईला अजून सांगितलेलं नाही. बाराची वीस झाली. त्या ट्रकवाल्याला मी मनोमन नमस्कार घातला, म्हटलं, बाबा रे, तासभर तरी हलू नकोस!

पण गाडी आलीच. उत्कर्षा आत बसली. ड्रायव्हरने काच खाली केली, "माफ करा काका, लई उशीर झाला."

म्हटलं, "झाला खरा... पण तुमच्यामुळे नाही हो."