तेरवीत डीजे

...आन् वरून पोट्टा म्हणते कसा, "बाबा, फक्त व्हॅल्यूज बदलवाच्या होत्या!" आता तुमीच सांगा, माणसाच्या तेरवीत डीजे वाजल्यावर कोणत्या व्हॅल्यूज राहिल्या?

तुमाले सांगतो, पोट्टा हुशार आहे माहा प्रविण. पुण्याच्या कंपनीचं काम सिहोऱ्यात घरी बसून करते. काय करतं रे, म्हटलं. तर म्हणे, "बाबा, प्रोग्राम डब्यायत भरतो, त्याले कंटेनर म्हणतेत. असे ढीगभर डबे. एक बंद पडला का दुसरा उभा कराले वर मुकादम, कुबरनेटिस. त्याले दर खेपी सगळं लिहून कायले द्याचं? म्हणून हेल्म. सगळ्या सामानाचं तयार पॅकेज, एक कमांड मारली का सगळं उभं. गिऱ्हाईकाचं जे येगळं असन तेवढं भराचं, त्या व्हॅल्यूज. नाही भरलं त डिफॉल्ट, म्हंजे आधीच भरून ठेवलेलं. बिघडलं त रोलबॅक, मागं होतं तसं."

आता माह्यं बिछायत केंद्र... मांडो, खुर्च्या, गंज, सयपाकी, एक आहे त दुसरं नाही! म्हटलं, हे त आपल्याच धंद्याचं होय, बनव. बनवलं त्यानं मोबाइलवर. बटन दाबलं का मांडोवाल्यापासून सयपाक्यापर्यंत सगळ्यायले मेसेज. एकोडीच्या भय्याजीच्या पोरीचं लगन झालं त्याच्यावर, एकदम झकास.

मंग भय्याजीचे वडील गेले. तेरवीची ऑर्डर मलेच. मोठं घर, तिथं नाव गेलं का धंदा गेला. मी गाव भरलं, तारीख भरली, जेवणारे भरले, बाकी रिकामं. फक्त व्हॅल्यूज बदलवाच्या ना!

डिफॉल्ट होतं लगन.

गुलाबी झालर, म्हाताऱ्याच्या फोटोले लायटिंग, आन् डीजेवाला मलेच विचारून राहिला, "काका, नवरदेव कोठं आहे?" फोन लावला प्रविणले. तो म्हणते, "घाबरू नोका, रोलबॅक मारतो." मारला. भय्याजीचं मागचं काय होतं? पोरीचं लगन! घोडी आली ना बाप्पा दारात, सजूनधजून.

भय्याजी लाल. "पुंडलिकराव, हे काय लावलं?" आता काय सांगू त्याले, फक्त व्हॅल्यूज बदलवाच्या होत्या? हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात त्याची माय, रत्नाबाई, घोडीकडं पाहून हासाले लागली. "बुढा जनमभर रुसून होता, लग्नात मले घोडी नाही भेटली म्हणे. आज भेटली." मंग मले म्हणते, "पुंडलिक, माह्या तेरवीलेही हेच पॅकेज लाव. काई बदलवजो नोको."

मायनं म्हटलं म्हणून भय्याजी गप. धंदा वाचला. पण तिची ऑर्डर घ्याले मोबाइल तारीख मांगून राहिला... आता म्हातारीले तारीख विचाराची कशी? आन् रिकामी सोडली, त डिफॉल्ट उद्याची धरते.